पाहुणा आला, पैसा कुठे गेला?

मागच्या पाठात आपण बचत गटाची वही कशी लिहावी ते शिकलो. आज ती वही काखेत घेऊन आपण जरा फिरायला जाऊ. लांब नाही. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात.

दिवाळीच्या सुमारास आम्ही लोणारला गेलो होतो. सरोवराच्या वरच्या रस्त्याला एक बाई सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. गाड्यांमागून गाड्या येत होत्या. आम्ही तिच्याकडून चार फळे घेतली आणि विचारले, "काय बाई, आज पाहुणे लय दिसतात. धंदा बरा झाला असेल?"

ती म्हणाली, "कायचा धंदा, गुरुजी! गाड्या येतात, फोटू काढतात, अन् निंगून जातात. आमच्या वाट्याले धुरळा येते."

ते बोलणे आमच्या मनात घर करून राहिले. पाहुणा दाराशी येतो, मग घरात दोन पैसे का येत नाहीत? ते यावेत म्हणून कोणी काही करू शकते काय? याचा विचार या पाठात करू.

१. आपल्याकडे पाहुणे का येतात?

प्रथम आपल्या घरची दौलत मोजू. लोणारचे सरोवर म्हणजे साधे तळे नव्हे. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड उल्का आली आणि इथल्या काळ्या कातळावर आदळली. तिने केलेला खड्डा म्हणजे हे विवर. त्याची रुंदी सुमारे १८०० मीटर आहे. काठापासून तळापर्यंत ते सव्वाशे मीटरहून अधिक खोल आहे. तळाशी खारे पाणी आहे. भोवती जुनी देवळे आहेत. गावात दैत्यसूदनाचे हेमाडपंती मंदिर आहे. लोणासुर राक्षसाला विष्णूने इथे मारले, ही गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकलीच असेल.

सन २००० मध्ये सरकारने या जागेला अभयारण्य ठरवले. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. लोक घाबरले. शास्त्रज्ञांनी पाणी तपासले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी लोणारचे नाव रामसर यादीत गेले. जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांची ती यादी आहे.

लोणार सोडले तरी आपली झोळी रिकामी नाही. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. १२ जानेवारीला तिथे माणसांचा पूर लोटतो. शेगावला गजानन महाराजांची समाधी आहे. सैलानी बाबांच्या दर्ग्याला होळीच्या सुमारास यात्रा भरते. तिथे हिंदू आणि मुसलमान दोघेही जातात. ज्ञानगंगेचे अभयारण्य आहे. यवतमाळकडच्या टिपेश्वर जंगलातून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालला आणि २०१९ च्या अखेरीस या ज्ञानगंगेत आला. तोही पाहुणाच म्हणायचा!

लोक असे गाव पाहायला, देव पाहायला, रान पाहायला फिरतात. याला पर्यटन म्हणतात. शब्द नवा वाटतो, पण गोष्ट जुनी आहे. आपली यात्रा ही पर्यटनाची थोरली बहीण आहे.

२. पैसा कसा निसटतो?

आता वही उघडा. समजा, एक पाहुणा संभाजीनगरहून लोणारला आला. त्याने दिवसभरात १,००० रुपये खर्च केले. ते असे:

गाडीभाडे: ५०० रुपये
शहरातील मुक्काम: ३०० रुपये
बाटलीतले पाणी आणि पुड्यातला खाऊ: १०० रुपये
गावात चहा, नाश्ता आणि सीताफळे: १०० रुपये
एकूण: १,००० रुपये

गाडी शहरातली. मुक्काम शहरात. पाणी आणि खाऊ दूरच्या कारखान्यातले. गावात किती राहिले? फार तर शंभर. त्यातही साखर, चहापत्ती आणि तेल बाहेरचेच.

उताराच्या वावरात पाऊस पडतो, तेव्हा काय होते? पाणी धावत खाली जाते. जाताना चांगली मातीही घेऊन जाते. वावर कोरडेच राहते. आपण बांध घातला तर पाणी थांबते, जिरते आणि विहिरीला लागते. पाहुण्याच्या पैशाचे असेच आहे. बांध नसेल तर पैसा वाहून जातो. मागे कचरा तेवढा राहतो. पाऊस पाडणे आपल्या हाती नाही. बांध घालणे आपल्या हाती आहे.

३. बांध कोणी घालायचा?

सरकार रस्ता करते, वीज देते, नियम करते. व्यापारी हॉटेल बांधतो. त्याने पैसा घातला, म्हणून नफा तो नेतो. त्यात त्याचा दोष नाही. पण गरीब घराला हात धरून शिकवायचे कोणी? पाहुण्यासाठी खोली कशी ठेवावी, संडास कसा स्वच्छ ठेवावा, दर किती सांगावा, पोरांनी वाटाड्याचे काम कसे करावे, हे कोण सांगणार? इथे सेवाभावी संस्थेचे काम असते.

सेवाभावी संस्था म्हणजे नफा वाटून न घेणारी संस्था. तिच्याकडे पैसा येऊ शकतो, उरूही शकतो. पण उरलेला पैसा चालक आपसात वाटून घेऊ शकत नाहीत. तो कामालाच लावावा लागतो. आपल्या राज्यात अशा विश्वस्त संस्थांसाठी १९५० चा कायदा आहे. त्यांची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. दरवर्षी तपासलेला हिशेब तिथे द्यावा लागतो.

अशा संस्था काय करू शकतात, याची आता तीन उदाहरणे पाहू. एक जिल्ह्यातले, एक कोकणातले आणि एक परदेशातले.

४. शेगावचा धडा

शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानची स्थापना १९०८ साली महाराजांच्या हयातीतच झाली. १९१० साली महाराजांनी समाधी घेतली. तेव्हापासून भक्तांचा ओघ वाढतच आहे.

तिथे गेल्यावर प्रथम काय नजरेत भरते? स्वच्छता आणि शिस्त. गावोगावचे स्त्रीपुरुष पाळीपाळीने येतात आणि बिनपगारी सेवा करतात. त्यांना सेवाधारी म्हणतात. गरिबाला परवडेल अशी राहण्याची सोय आहे. दानाच्या पैशातून दवाखाने चालतात, शाळा चालतात. १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासींपर्यंत सेवा जाते. गावच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग आणि वीणा मिळतात. संस्थानचा कारभार अनेक वर्षे शिवशंकरभाऊ पाटील यांनी पाहिला. २०२१ साली ते वारले. संस्थानचा चहासुद्धा ते फुकट घेत नसत, असे लोक आदराने सांगतात.

देवळाच्या बाहेरही पाहा. रिक्षावाला, फुलवाला, प्रसादाचे दुकान, खानावळ, किती घरे या ओघावर चालतात! शेगावची कचोरी तुम्हाला ठाऊक आहे. फाळणीनंतर पंजाबकडून आलेल्या एका गृहस्थांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनात ती सुरू केली, असे सांगतात. निर्वासित माणूस रिकाम्या हाताने आला. प्रवाशांच्या भुकेवर त्याचे घर उभे राहिले, आणि गावाचे नावही झाले.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, संस्थान मोठे. आपलं खेडं लहान." खरे आहे. पण हिशेबाची नीत लहानमोठी नसते. दहा रुपयांचा हिशेब स्वच्छ असेल, तरच लोक शंभर रुपये विश्वासाने देतात.

५. वेळासचा धडा

आता लहान खेड्याचेच उदाहरण घेऊ. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, समुद्रकाठी वेळास नावाचे गाव आहे. थंडीच्या दिवसांत तिथल्या वाळूत समुद्री कासवांच्या माद्या रात्री येतात. खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. पूर्वी ती अंडी माणसे काढून नेत, कोल्ही आणि कुत्री खात. पिल्ले समुद्रापर्यंत पोचतच नसत.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तिथे काम सुरू केले. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सोबती गावात बसले, बोलले. त्यांनी गावाला नुसता उपदेश केला नाही. गावच्याच माणसांना बरोबर घेतले. अंडी उचलून कुंपणाच्या आत वाळूत पुरायची, रात्री राखण करायची आणि पन्नासएक दिवसांनी पिल्ले निघाली की समुद्रात सोडायची, असे काम सुरू झाले.

पुढे संस्थेला एक गोष्ट सुचली. ही इवलीशी पिल्ले समुद्राकडे धावतात, हे पाहायला शहरचे लोक येतील. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. गावात हॉटेल नव्हते. ते बांधलेही नाही. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले. घरच्या बाईने भात, आमटी आणि मोदक करावेत, पाहुण्याने जेवावे आणि ठरलेले पैसे द्यावेत. ज्या अंड्यांची चोरी होत होती, त्याच अंड्यांची राखण करण्यात गावाचा फायदा दिसू लागला. पुढे महोत्सवाचा कारभार गावकऱ्यांनीच आपल्या हाती घेतला.

इथे थांबून विचार करा. चांगली संस्था कोणती? चालायला शिकवते आणि मग बोट सोडते ती. जी बोट सोडतच नाही, तिला आपण सदा पांगळेच राहायला हवे असतो.

६. नेपाळचा धडा

नेपाळात अन्नपूर्णा नावाचे उंच हिमशिखर आहे. तिकडे जगभरचे लोक डोंगर चढायला जातात. १९८६ साली तिथे एका विश्वस्त संस्थेने काम सुरू केले. डोंगरात जाणाऱ्या पाहुण्याकडून प्रवेशाचे शुल्क घ्यायचे आणि ते त्याच डोंगरातल्या कामाला लावायचे, असे ठरले. त्यातून रान राखायचे, पायवाटा आणि पूल दुरुस्त करायचे, गावांच्या गरजा भागवायच्या. शुल्क राजधानीच्या तिजोरीत गेले असते, तर डोंगरातल्या गावाला त्याचा पत्ताही लागला नसता. पैसा जिथे निघाला तिथेच जिरला. आपल्या भाषेत, बांध माथ्यावरच घातला.

७. आमची चूक

आतापर्यंत चांगल्याची गोष्ट सांगितली. आता एक कडू गोष्ट सांगतो. ती आमच्याच चुकीची आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका गावी एक संस्था आली. नाव सांगत नाही. जीपगाडीतून तिघे उतरले. म्हणाले, "तुमच्या घरी पाहुण्यांसाठी खोल्या करून देऊ. नोंदणीचे पाचशे रुपये भरा." लोक आमच्याकडे आले. "गुरुजी, भराव काय पैसे? तुमी वाचा अन् सांगा."

कागद चार पानांचा होता. आम्ही पहिले पान वाचले. त्यात सगळे गोड लिहिले होते. तेवढ्यात चहा आला, गप्पा सुरू झाल्या. बाकीची तीन पाने आम्ही वाचली नाहीत. साक्षीदार म्हणून सही केली. गुरुजींची सही पाहून अठरा घरांनी पैसे भरले. कोणी सही केली, कोणी अंगठा दिला. एका विधवा बाईने दोन कोंबड्या आणि एक बकरीचे पिल्लू विकून पाचशे रुपये आणले.

संस्थेने गावात पाटी लावली, फोटो काढले. मग कोणी फिरकले नाही. सहा महिन्यांनी आम्ही तो कागद काढून पूर्ण वाचला. तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिले होते की, पैसे परत मिळणार नाहीत आणि खोल्या बांधून देण्याची जबाबदारी संस्थेवर नाही. कागदाने काही लपवले नव्हते. आम्हीच वाचले नव्हते.

त्या बाईचे पाचशे रुपये आम्ही आमच्या पेन्शनीतून परत केले. बाकीच्या सतरा घरांचे करू शकलो नाही. ती माणसे आजही आम्हाला "गुरुजी" म्हणून रामराम करतात. त्या रामरामाची आम्हाला लाज वाटते.

म्हणून हा पाठ लिहिला. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. दुसऱ्याच्या सहीवर विसंबू नका. गुरुजींच्या सहीवरही नाही.

८. संस्थेला विचारायचे पाच प्रश्न

गावात कोणतीही संस्था आली तर तिला बसायला घोंगडी द्या, पाणी द्या. आणि हे पाच प्रश्न विचारा.

पहिला: तुमची नोंदणी कुठे आहे? क्रमांक काय? तो क्रमांक वहीत लिहून घ्या. धर्मादाय कार्यालयात जाऊन खरे-खोटे पाहा.

दुसरा: पैसा कुठून येणार आणि कशावर खर्च होणार? हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवाल काय?

तिसरा: आमच्याकडून पैसे कशासाठी घेता? पावती देता काय?

चौथा: सगळ्यात गरीब घराला, ज्याच्याकडे खोली नाही, वावर नाही, त्याला यात काय काम मिळेल? हा प्रश्न विसरू नका. नाहीतर पाहुणे पाटलाच्या माडीवर उतरतात आणि मजुराच्या घरी अंधार तसाच राहतो.

पाचवा: तुम्ही किती वर्षे राहणार? जाताना कारभार कोणाच्या हाती देणार?

चांगली संस्था या प्रश्नांना रागावत नाही. उलट तिला आनंद होतो. हे पुस्तक काढणारी मंडळीही एक संस्थाच आहे. तिलाही हेच प्रश्न विचारा.

९. एका रात्रीचा हिशेब

समजा, एका बचत गटाने ठरवले की, सभासद बाईच्या घरी दोन पाहुणे एक रात्र उतरतील. माणशी ६०० रुपये. जेवायला ज्वारीची भाकर, बेसन, ठेचा आणि वांग्याची भाजी.

जमा: १,२०० रुपये
किराणा: ३०० रुपये
शेजारणीकडून दूध आणि भाजी: १५० रुपये
साबण आणि धुणे: ५० रुपये
गटाचा निधी, शेकडा १० प्रमाणे: १२० रुपये
एकूण खर्च: ६२० रुपये
घरात शिल्लक: ५८० रुपये

आता नीट पाहा. घरात ५८० राहिले. शेजारणीला १५० मिळाले. गटात १२० पडले. गावात एकूण ८५० रुपये थांबले. मघाच्या हजारातले शंभरही धड थांबले नव्हते. हाच आपला बांध.

१०. पण वावर सोडू नका

एक गोष्ट बजावून सांगतो. पाहुण्यांचा पैसा ही जोडभाकर आहे. मुख्य भाकर वावराची आणि हाताच्या कामाची. पाहुणा हंगामात येतो, हंगाम सरला की येत नाही. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा देवळे बंद झाली, गाड्या बंद झाल्या. पाहुण्यांवरच ज्यांचे पोट होते, त्यांचे फार हाल झाले. ज्यांच्याकडे एक म्हैस, थोडे वावर किंवा शिलाईचे यंत्र होते, ते कसेबसे तरले. म्हणून कर्ज काढून माडी बांधू नका. आहे ती खोली सारवा, चुना द्या आणि तिथून सुरुवात करा.

दुसरी गोष्ट. ज्या फांदीवर बसलो ती तोडू नये. लोणारचे दगड विकू नका, पाण्यात घाण सोडू नका, रानातले झाड तोडू नका. सरोवर बिघडले तर पाहुणाही जाईल आणि आपली दौलतही जाईल.

तिसरी गोष्ट. पाहुण्यापुढे लाचार होऊ नका. आपली भाकर चांगली आहे. दर ठरवून घ्या, तो पाटीवर लिहा आणि तेवढाच घ्या.

त्या सीताफळवाल्या बाईला आम्ही हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "गुरुजी, माह्या घरी एकच खोली हाय. पाहुणा कुठं झोपीन? पण भाकर मी चांगली थापते."

आम्ही म्हणालो, "मग खोली शेजारणीची आणि भाकर तुमची. दोघी मिळून एक वही घाला."

ती हसली. पाटीतले एक सीताफळ तिने आमच्या पिशवीत टाकले. आम्ही पैसे काढले, तर म्हणाली, "ठेवा. पहिला पाहुणा तुमीच."

शब्दांचे अर्थ

विवर: मोठा खोल खड्डा
उल्का: आकाशातून पडणारा दगड
अभयारण्य: पशुपक्ष्यांना जिथे मारता येत नाही असे राखीव रान
विश्वस्त: दुसऱ्याचा पैसा विश्वासाने सांभाळणारा
शुल्क: ठरवून घेतलेली रक्कम, फी

स्वाध्याय

१. सेवाभावी संस्था आणि व्यापारी यांत फरक कोणता?
२. वेळासच्या गावकऱ्यांना अंडी राखण्यात फायदा का दिसू लागला?
३. वरच्या हिशेबात दोनऐवजी तीन पाहुणे आले, तर जमा किती होईल? गटाचा निधी किती होईल?
४. आपल्या गावात पाहुण्याला दाखवण्यासारखे काय आहे? घरच्या माणसांशी बोला आणि पाच ओळी लिहा.
५. घरात सही केलेला एखादा कागद असेल तर तो काढा. आज तो शेवटच्या पानापर्यंत वाचा.